टिटवीला लाल टॅग

पिंपरी-चिंचवड, चाकण आणि आसपासच्या तमाम जनतेला अत्यंत जबाबदारीने आणि जड अंतःकरणाने कळवण्यात येत आहे की, एकदा वाहिलेली श्रद्धांजली परत घेता येते. आम्ही घेतलेली आहे. एका माणसाच्या आग्रहाखातर आणि खुद्द मयताच्या उपस्थितीत.

'बस आली का?' नावाचा आमचा फोनवरचा एक ग्रुप आहे. कासारवाडीच्या थांब्यावर सकाळी वेगवेगळ्या कंपन्यांच्या बसची वाट बघणारी आम्ही माणसं. बस आली का, गेली का, की आजही ड्रायव्हर नाश्त्याला थांबला, एवढंच विचारायला तो काढला होता. पुढे बस वेळेवर यायला लागली आणि ग्रुप बंद पडायच्या ऐवजी फोफावला. पाणी कधी येणार, कुठल्या चौकात ट्रॅफिक तुंबलंय, कोणाचा साहेब आज किती वाजता पिसाळला आणि कोणाच्या सोसायटीत साप निघाला, हे सगळं त्यावर येऊ लागलं. साप आणि साहेब यांची बातमी एकाच सुरात दिली जायची, त्यामुळे पहिली ओळ वाचून कोण निघालंय ते कळत नसे.

तर एके सकाळी सुनीताताईंनी ग्रुपवर टाकलं, 'आपले मामा गेले.' सुनीताताई मूळच्या लातूरकडच्या, देहूरोडला शाळेत शिकवतात. मामा म्हणजे चाकणचे जुने गाववाले. त्यांचे रोड रोलर आणि जेसीबी भाड्याने फिरतात, आणि बिघडले की आमच्या थांब्यामागच्या गॅरेजात येतात. यंत्र दुरुस्त होईपर्यंत मामा आमच्यात बसून चहा पीत, असे ते ग्रुपवर आले. ताईंनी शाळेच्या बसमधून मामांचा फ्लेक्स पाहिला होता. काळापांढरा फोटो, गळ्यात हार. आणखी काय पुरावा हवा?

श्रद्धांजल्यांची रांग लागली. हात जोडलेली चित्रं, विझणारी समई, 'मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपले'. हे शेवटचं मी लिहिलं होतं. मामांचं गावात सात घरांशी भांडण होतं, पण अशा वेळी माणूस वाहवत जातो.

तेवढ्यात एक ओळ आली. 'होल्ड. प्रत्यक्ष कोणी पाहिले? पडताळणी होईपर्यंत श्रद्धांजली वाहू नये. वाहिलेली परत घ्यावी.'

ताई भडकल्या. 'माणूस हाव का कोण ओ तुम्ही? काय बोलायलाव?'

आणि त्यांच्या खालोखाल मयताचा संदेश आला. 'आरं मी हाय की. ग्यारेजवर च्या पितोय. मनमिळाऊ कोन म्हनलं मला?'

उन्हानं रंग उडालेला तो मामांच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स होता. मग प्रत्येकाने आपापली श्रद्धांजली पुसली. ग्रुपभर 'हा संदेश हटवला आहे', 'हा संदेश हटवला आहे' अशी ओळच लागली, आणि तळाशी त्या माणसाने निकाल दिला. 'मामा ओके. बाकी सर्व रिवर्क.'

हा माणूस म्हणजे क्वालिटी.

त्याला नाव होतं, आईवडिलांनी ठेवलेलं, चांगलं होतं म्हणे. पण आमच्या पट्ट्यात माणसाला नावाने ओळखायची पद्धत नाही. फोनमध्ये माणसं खात्यानुसार साठवतात. माझ्या फोनात 'स्टोअर', 'गेट', 'पर्चेस नवीन', 'पर्चेस जुना रागीट' अशी माणसं आहेत. त्यात 'क्वालिटी' दोन होते. एक आमच्याच कंपनीतला, थांब्यावर माझ्या शेजारी उभा राहणारा. दुसरा चाकणच्या एका ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीतला. मी भोसरीला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळतो, आणि या दुसऱ्याने आमची खोकी इतक्या वेळा परत पाठवली होती की त्याचा नंबर मला पाठ झाला होता. ग्रुपमध्ये घ्यायचा होता पहिला. माझ्या हातून घेतला गेला दुसरा. आणि त्यानेही 'तुम्ही कोण?' असं काही न विचारता दुसऱ्या दिवशी सकाळी बसचं रिपोर्टिंग सुरू केलं. 'चाकण बस: वेळेवर. टायर: मागील डावा, शंका.' कासारवाडीचा थांबा त्याने जन्मात पाहिला नव्हता. आमचा खरा क्वालिटी माझ्या शेजारी तोंड फुगवून उभा असायचा, की सगळ्यांना घेतलं आणि मला नाही. आम्हाला हा घोटाळा उमगला तोवर चाकणवाला ग्रुपचा खांब झाला होता. खांब काढला असता तर छप्पर माझ्यावर पडलं असतं.

आता 'होल्ड' म्हणजे काय, ते कारखान्यात पाऊल न टाकलेल्यांसाठी सांगतो. मालाबद्दल शंका आली की क्वालिटीवाला त्यावर लाल टॅग बांधतो. मग तो माल कोणी हलवायचा नाही. मालक आला तरी नाही. ज्याने टॅग बांधला त्याने सही केली की सुटका. बाकीचे क्वालिटीवाले हा कायदा कंपनीच्या गेटवर ठेवून घरी जातात. हा घेऊन जायचा. त्याच्या बायकोने एकदा ग्रुपवर त्याच्याच फोनवरून लिहिलं होतं, 'भाऊजी, यांना सांगा. कुकरला टॅग लावलाय. शिट्टी उशिरा होते म्हणून. आज वरण नाही.'

बातम्यांचे तर त्याने हाल केले. 'उद्या पाणी नाही' असं कोणी टाकलं की 'सोर्स?' 'अमुक पूल पाडणार' म्हटलं की 'होल्ड'. सकाळी फुलांचं चित्र आणि सुविचार टाकणाऱ्याला 'चित्र अस्पष्ट. विचार अस्पष्ट. परत पाठवा.' आणि कोणी कामाचं रडगाणं गायलं, की त्याचं ठरलेलं औषध होतं. मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा 'का?' विचारायचं.

'डोकं दुखायलंय,' ताई लिहायच्या.

'का?'

'पोरं वरडायलीत.'

'का?'

'इन्स्पेक्शन हाय उद्या, सर चिडलेत, सरांमुळे मी, माझ्यामुळे पोरं.'

'का?'

'आता तुमच्यामुळं!'

'मूळ कारण सापडले,' तो लिहायचा. 'ओके.'

पण खरी गंमत त्याच्या प्राण्यांची. त्यांच्या कंपनीच्या मागे माळ होता, आणि माळावरचं सगळं कुंपण ओलांडून आत यायचं. बाकीचे लोक ग्रुपवर फोटो टाकायचे. याला फोटो काढता येत नसे, कारण गेटवर सिक्युरिटीवाला प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवायचा, तो बाहेर पडतानाच निघायचा. दुसरा कोणी असता तर सरळ वर्णन लिहिलं असतं. हा ड्रॉइंग काढायचा. इंजिनिअरिंगचं. समोरून, वरून आणि बाजूने अशा तीन बाजू, बाण मारून मापं, अधिक-उणे किती चालेल तेही. संध्याकाळी बसमध्ये बसला, स्टिकर निघाला, की त्या कागदाचा फोटो ग्रुपवर.

मुंगसाचं ड्रॉइंग आलं तेव्हा मामा म्हणाले, 'ह्यो पाइप हाय.' भारद्वाज पाठवला तेव्हा ताईंनी विचारलं, 'ह्याचं दर्शन शुभ का, का फक्त खऱ्याचं?' एकदा नाग आला. वरून एक रेघ, बाजूने एक रेघ आणि समोरून एक ठिपका. खाली लिहिलेलं, 'लांबी: मोजू दिली नाही. सर्पमित्राच्या ताब्यात.' घारीला तो शेवटपर्यंत गरुड म्हणत राहिला. आम्ही सांगितलं, शेपटी बघा, मध्ये खाच आहे, घार आहे. तो म्हणाला, 'खाच हा दोष असू शकतो.'

अशा माणसाचं कंपनीत कसं चालत असेल, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. चालत नव्हतं. त्यांचा प्लँट हेड, ज्याला तो नुसतं 'साहेब' म्हणायचा, त्याच्यावर दात खाऊन होता. खंडेनवमीला कामगारांना वाटायचे पेढ्यांचे बॉक्स आले. याने सवयीने एक वजनाला टाकला. कमी भरला. दुसरा टाकला, तोही. मग सगळ्या पेढ्यांना लाल टॅग. मशिनची पूजा झाली, नारळ फुटला, भटजी निघाले, आणि तीन पाळ्यांचे कामगार टॅग लावलेल्या पेढ्यांकडे बघत उभे. तो हलवाई साहेबांच्या सासुरवाडीकडचा निघाला. तेव्हा साहेबांनी त्याला केबिनमध्ये घेऊन सांगितलं, 'अजून एक फालतू होल्ड लागला, की बॅग भर. गुजरातच्या प्लँटला पाठवतो.' साहेब नुसतं बोलणाऱ्यातले नव्हते. त्याच्या आधीच्या एकाला त्यांनी खरंच पाठवलं होतं. आणि क्वालिटीची मुलगी दहावीत होती.

आणि अशा मुहूर्तावर टिटवी आली.

डिस्पॅचच्या मागे रिकामे ट्रे ठेवायची खडीची मोकळी जागा होती. टिटवी घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाही. खडीत चार खडे इकडेतिकडे सारते आणि खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालून मोकळी होते. संध्याकाळी ग्रुपवर ड्रॉइंग आलं. लांब पाय, डोळ्यापुढे लाल ठिपका, त्याचंही माप, खाली चार लंबगोल. 'पक्षी: बहुधा तितर.'

'तितर न्हाई ओ, टिटवी हाय,' ताईंनी लिहिलं. 'रात्री वरडती ती.'

'ती वरडली की कायतरी वंगाळ व्हतं,' मामा म्हणाले. 'हाकला तिला.'

'माझा तिच्याशी संबंध नाही,' क्वालिटीने कळवलं. 'परंतु ग्राहकाचे ऑडिट आहे, ते प्लँट तपासायला येणार. त्याआधी खडीवर रोलर फिरणार आहे. माल अर्धवट स्थितीत आहे. अर्धवट माल हलवता येत नाही. चार ट्रॅफिक कोन लावले. मध्ये खुंटी ठोकून टॅग बांधला.'

टॅगवर काय लिहिलं तेही त्याने कळवलं. 'पार्ट: टिटवीची अंडी. नग: चार. कारण: प्रक्रिया अपूर्ण.'

आम्ही त्या दिवशी इतके हसलो की मी खोक्यांच्या थप्पीवरून घसरलो. पण दुसऱ्या दिवसापासून तिचा पाळीवार अहवाल यायला लागला आणि हसता हसता आम्ही त्याची वाट बघायला लागलो. 'पहिली पाळी: बसलेली. दुसरी पाळी: बसलेली. नर गस्तीवर. फोर्कलिफ्टवर दोनदा हल्ला, ड्रायव्हर ओके.' एका कडक दुपारी लिहिलं, 'ऊन फार. ती उठून गेली. मला वाटले, सोडून गेली. कूलरच्या गळतीखाली पोट भिजवून परत आली. अंडी भिजवली. कूलंट: ओके.' यातलं 'मला वाटले, सोडून गेली' हे वाक्य त्याच्या कुठल्याही रिपोर्टमध्ये बसणारं नव्हतं. ताईंनी ते बरोबर हेरलं आणि विचारलं, 'भाऊ, पोटात कालवलं का हो?' त्यावर 'लागू नाही' असं उत्तर आलं.

ऑडिट जवळ आलं आणि साहेबांनी खडीकडे पाहिलं. सगळीकडे पिवळे पट्टे, चकाचक, आणि मध्यभागी चार नारिंगी कोनांत एक पक्षीण त्यांच्याकडे रागाने बघत बसलेली. त्यांनी रोलरवाल्याला फोन लावला. रोलरवाले होते मामा.

'आनतो की साहेब,' मामा म्हणाले, आणि ग्रुपवर येऊन जाहीर केलं, 'रोलर बिघाडला.'

'काय झालं?' मी विचारलं.

'अजून ठरलं न्हाई.'

मग साहेबांनी क्वालिटीलाच बोलावलं. टॅग काढ, अंडी उचलून माळावर ठेव, नाहीतर बदलीचं पत्र तयार आहे. त्या संध्याकाळी ड्रॉइंग आलं नाही. नुसता मजकूर. 'साहेबांनी गुजरातचे सांगितले. ऑडिटपर्यंत मुदत. मुलीची दहावी आहे. टॅग तसाच आहे.'

मग ताईंनी लिहिलं, 'भाऊ, काढा तो टॅग. लेकीकडं बघा. पाखराचं काय, परत घालंल अंडी.'

'टिटवीपायी बदली घ्येतं का कोन राव,' मामा म्हणाले.

त्याचं उत्तर आलं. त्यात एकही 'ओके' नव्हता. 'मी ब्रेक तपासतो. आज टिटवीचा टॅग भीतीने काढला, तर उद्या ब्रेकचाही भीतीनेच काढीन. पुढे ती गाडी कुणीतरी चालवणार आहे.' आणि थोड्या वेळाने, 'मुलीला सांगितले आहे. ती म्हणाली, गुजरातला दहावी असते का ते आधी विचारा.'

हल्ली तो आमच्या ग्रुपवर नसतो. निवृत्त होऊन गावाकडे असतो, तिथे रेंज मिळायला विहिरीच्या कठड्यावर उभं राहावं लागतं, आणि तो कठडा त्याने स्वतःच होल्डवर टाकलाय म्हणे. त्याला मी प्रत्यक्ष फक्त एकदाच भेटलो. ठेंगणा, गोल, खिशाला तीन पेनं, आणि इतक्या मऊ आवाजाचा माणूस की माझी खोकी हाच परत पाठवायचा यावर विश्वास बसेना. हात मिळवताना त्याने माझा शर्ट पाहिला आणि हळूच सांगितलं, 'दुसरं बटण चुकीच्या काजात आहे.' पण माझ्या आठवणीतला क्वालिटी तो नाही. माझ्या आठवणीतला क्वालिटी म्हणजे ऑडिटच्या दिवशी फोनवर ऐकलेली कापडाची खसखस.

त्या दिवशी मी गोडाऊनमध्ये होतो. ग्रुपवर एकदम कॉल आला. बाकीचे शिफ्टमध्ये अडकलेले, उचलला तिघांनी. मी, स्टाफरूममध्ये वह्या तपासणाऱ्या ताई, आणि गॅरेजवर मामा.

'एकच विचारायचं होतं,' क्वालिटी घाईत म्हणाला. 'पिल्लं निघायला साधारण किती वेळ लागतो? ऑडिटच्या बाई तारीख विचारतील, माझ्याकडे— आले. आले सगळे.'

आणि तो हडबडला. आयुष्यात प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणाऱ्या माणसाने फोन न कापता खिशात टाकला.

आधी बुटांखालची खडी. मग टिटवीचा तो तार तुटल्यासारखा आवाज. मग एका बाईंचा, अजिबात घाई नसलेला.

'हे काय आहे?'

'काही नाही मॅडम,' हा आवाज नक्की साहेबांचा. 'हाउसकीपिंगचं जरा राहिलंय. आत्ता उचलतो. ए, घे रे ते—'

'थांबा. लाल टॅग आहे. उचलतो म्हणजे काय?'

बाई वाकून टॅग वाचत असाव्यात. मग 'टक्' असा आवाज आला, नर टिटवी हेल्मेटवर आदळल्याचा. कोणाच्या हेल्मेटवर ते कळायच्या आत क्वालिटीचा खिसा बोलला.

'ह्यालो? क्वालिटी? आवाज कट व्हतोय!'

'मामा, गप बसा हो!' खिसा ताईंच्या आवाजात ओरडला.

'कोण बोललं?' बाईंनी विचारलं.

'खिसा,' क्वालिटी म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे.

'खिशातल्यांनी शांत राहावं,' बाई म्हणाल्या. 'टॅग कोणी लावला?'

'मी.'

'तुमच्या कंपनीचा हा माल नाही.'

'नाही. पण हलवला तर खराब होणार, हे मला माहीत होतं. माहीत असून टॅग लावला नाही, असं मी आजवर केलं नाही.'

'काढायला कोणी दबाव टाकला?'

एक शब्द पुरला असता. साहेबांचं सगळं उघडं पडलं असतं, पेढ्यांपासून. पण टिटवी ओरडत राहिली आणि क्वालिटी म्हणाला, 'साहेबांनी त्यांचं मत सांगितलं. मी माझं सांगितलं. टॅग इथंच आहे.'

'बरं,' बाई म्हणाल्या आणि त्यांची पावलं खडीवर वळली. आता त्यांचा आवाज साहेबांकडे होता. 'तुम्हाला विचारते. समजा, तुमची गाडी भरून उभी आहे. हीच जागा हवी आहे. मी ग्राहक म्हणून स्वतः सांगते, काढा हा टॅग. तुम्ही काढाल?'

आमच्या धंद्यातल्या माणसाला हा सापळा झोपेतसुद्धा ओळखता येतो. 'हो' म्हटलं, की या कंपनीतले लाल टॅग नुसते शोभेचे ठरले, आणि ऑर्डर गेली. 'नाही' म्हटलं, की टिटवी राहिली, टॅग राहिला आणि तो लावणारासुद्धा राहिला. कारण ज्याच्या टॅगचं कौतुक ग्राहकासमोर केलं, त्याला त्याच टॅगसाठी गुजरातला कसा धाडणार? ताईंकडून पेन खाली पडल्याचा आवाज आला. मामांनी, चमत्कार म्हणावा तर, तोंड मिटलं होतं. क्वालिटीच्या खिशाच्या कापडाची खसखस तेवढी ऐकू येत होती.

साहेबांनी घसा साफ केला. एकदा. पुन्हा एकदा. आणि मग त्यांच्या तोंडून, चाकणच्या भर उन्हात, छाती काढल्याचं फोनवरही दिसेल अशा आवाजात निघून गेलं,

'काय बोलता मॅडम! आमच्याकडे क्वालिटीच्या सहीशिवाय अंड्यातून पिल्लूसुद्धा बाहेर पडत नाही!'